कोरा रकाना आणि निरंक नोंद
संगणकाच्या कार्यविधींतील ऐच्छिक प्राचलांविषयी

मोठ्या कचेरीतील कामकाज एकाच माणसाच्या हातून होत नाही. माल विकला गेला की एक कारकून बिल लिहितो, दुसरा त्यावरील सूट काढतो, तिसरा कराची आकारणी करतो आणि चौथा खतावणीत नोंद घालतो. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या कामाचा सगळा तपशील ठाऊक असण्याचे कारण नसते. आपल्यापुढे येणाऱ्या कागदावर आवश्यक तेवढी माहिती असली म्हणजे त्याचे भागते. व्यापारी हिशेब करणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीची रचनाही ह्याच धर्तीची असते. तिचे लहान लहान, स्वयंपूर्ण भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाकडे एकेक काम सोपविलेले असते. अशा भागाला आपण येथे ‘कार्यविधी’ म्हणू. आज्ञावलीकारांच्या बोलण्यात त्यालाच ‘प्रोसीजर’ म्हणतात. एका कार्यविधीने दुसऱ्याला कामास लावणे म्हणजे त्याचे ‘पाचारण’ करणे होय, आणि पाचारण करताना जी माहिती त्याच्या हाती द्यावयाची ती माहिती म्हणजे ‘प्राचले’, अर्थात पॅरामीटर.

कारकुनाच्या कागदावरील प्रत्येक रकाना भरलेलाच असतो असे नाही. काही रकाने भरणे सक्तीचे असते, तर काही ऐच्छिक असतात. ऐच्छिक रकाना कोरा राहिला तर काय समजावयाचे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तोच कागद चार टेबलांवरून फिरतो तेव्हा मात्र हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत पुस्तिकेत त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्राचलांचा उगम

कार्यविधींची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स ह्यांच्या नेतृत्वाखाली बांधल्या गेलेल्या एड्सॅक ह्या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी कामे प्रत्येक आज्ञावलीत पुन्हा पुन्हा लिहावी लागू नयेत, म्हणून तेथील संशोधकांनी तयार उपविभागांचा एक संग्रह सिद्ध केला. एखाद्या उपविभागाकडे जावयाचे आणि काम संपताच जेथून निघालो तेथे परत यावयाचे, ही युक्ती डेव्हिड व्हीलर ह्यांनी बसविली. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल ह्यांनी ह्या पद्धतीचे विवेचन करणारा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

एड्सॅकवर काही प्राचले पाचारणाच्या आज्ञेला लागूनच लिहिलेली असत. उपविभाग ती तेथून उचलून घेई आणि ती ओलांडून पुढच्या आज्ञेवर परत येई. त्यांची संख्या आधीच ठरलेली असे. त्यांपैकी एखादे जरी लिहावयाचे राहिले, तरी उपविभागाला ते कळण्याचा मार्ग नव्हता. त्यापुढची आज्ञाच तो प्राचल समजून वाचणार हे उघड आहे. अनुपस्थित वस्तूच्या जागी दुसरेच काहीतरी वाचले जाणे, हा ह्या विषयातील सर्वांत जुना धोका होय. पुढे रूपे बदलली, परंतु हा धोका आजही टिकून आहे.

ऐच्छिकतेची गरज

मग सर्वच प्राचले सक्तीची का करू नयेत? ह्याचे उत्तर व्यापारी आज्ञावल्यांच्या दीर्घायुष्यात आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत व्यापारी कामासाठी कोबॉल ही भाषा घडविण्याचे काम सुरू झाले. त्याच सुमारास आयबीएम कंपनीने अहवाल छापण्याच्या सोयीसाठी आरपीजी ही भाषा पुढे आणली. ह्या दोन्ही भाषा आजही वापरात आहेत आणि त्यांत लिहिलेल्या अनेक आज्ञावल्या मूळ कर्त्यांच्या निवृत्तीनंतरही चालत राहिल्या आहेत.

अशा एखाद्या आज्ञावलीत सूट काढणारा एक कार्यविधी आहे आणि त्याचे पाचारण दोनशे ठिकाणांहून होते, असे समजा. त्याला ग्राहकाचा क्रमांक आणि मालाची रक्कम अशी दोन प्राचले लागतात. काही वर्षांनी व्यवस्थापकांना वाटते की, विशेष प्रसंगी वेगळा सूट-दर सांगण्याची सोय असावी. तिसरे प्राचल सक्तीचे केले, तर दोनशे ठिकाणचा मजकूर बदलून पुन्हा तपासावा लागेल. ते ऐच्छिक केले, तर जुनी दोनशे पाचारणे जशीच्या तशी चालतील आणि ज्या दोन-चार ठिकाणी नव्या सोयीची गरज आहे तेवढीच बदलावी लागतील. जुन्याला धक्का न लावता नव्याला जागा करून देणे, हेच ऐच्छिक प्राचलाचे प्रयोजन होय.

कोरे आणि शून्य

सरकारी कचेरीतील विवरणपत्राशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ‘निरंक’ हा शब्द नवा नाही. सांगण्यासारखे काही नसेल तर रकाना कोरा ठेवू नये, ‘निरंक’ असे लिहावे, अशी शिस्त तेथे पाळली जाते. निरंक हे एक निश्चित उत्तर आहे: ‘मी पाहिले, आणि काही नाही.’ कोरा रकाना मात्र कोणतेच उत्तर देत नाही. लिहिणारा विसरला, त्याला माहीत नव्हते, की त्याने निर्णय पुढच्या माणसावर सोपविला, हे त्यावरून कळत नाही. वाचणाऱ्याने एवढेच जाणावयाचे की, येथे कोणीही काहीही सांगितलेले नाही.

वर घेतलेल्या उदाहरणात हा भेद आकड्यांनी स्पष्ट होईल. एका ग्राहकाशी ५ टक्के सुटीचा करार आहे आणि त्याने १२,००० रुपयांचा माल घेतला आहे. सूट-दराच्या ऐच्छिक प्राचलाबाबत तीन शक्यता संभवतात. विक्रेत्याने खास सवलत म्हणून ८ टक्के दर सांगितला, तर सूट ९६० रुपये आणि बिल ११,०४० रुपयांचे होईल. माल आधीच उतरत्या किमतीचा असल्यामुळे त्याने दर ० असा सांगितला, तर बिल पूर्ण १२,००० रुपयांचे होईल. त्याने काहीच सांगितले नाही, तर करारातील ५ टक्के लागू होऊन सूट ६०० रुपये आणि बिल ११,४०० रुपयांचे होईल. दुसरी आणि तिसरी शक्यता ह्यांत ६०० रुपयांचा फरक आहे. ‘शून्य’ आणि ‘न सांगितलेले’ ह्यांची गल्लत केली, तर हा फरक कोणाच्या तरी पदरातून जाणार.

यंत्राला अनुपस्थिती कशी कळते?

माणसाला कोरा रकाना डोळ्यांनी दिसतो. यंत्राच्या स्मृतीत मात्र कोरी जागा अशी कधी नसतेच. प्रत्येक घरात कोणता ना कोणता अंक असतो. म्हणून अनुपस्थिती कळविण्यासाठी निराळी खूण योजावी लागते. अशा खुणांचे दोन प्रमुख प्रकार आरपीजी भाषेत स्पष्टपणे पाहावयास मिळतात. आयबीएमने जून १९८८ मध्ये एएस/४०० हा व्यापारी संगणक बाजारात आणला आणि १९९४ मध्ये आरपीजीची चौथी पिढी त्यावर अवतरली. ह्या पिढीतील कार्यविधींना ऐच्छिक प्राचले दोन प्रकारे देता येतात.

पहिल्या प्रकारास ‘नोपास’ म्हणतात. येथे प्राचल दिलेच जात नाही. यादी तेथेच संपते. किती प्राचले आली ह्याची गणना यंत्र करून ठेवते आणि ‘पार्म्स’ हे अंगभूत साधन वापरून कार्यविधीला ती विचारता येते. ह्या प्रकारावर एक बंधन ओघानेच येते. गळणारी प्राचले यादीच्या शेवटीच असली पाहिजेत. मधले एखादे गाळून पुढचे देता येत नाही. म्हणून एकदा एक प्राचल ‘नोपास’ ठरले की, त्याच्या नंतरची सर्व प्राचले तशीच ठरवावी लागतात.

दुसऱ्या प्रकारास ‘ओमिट’ म्हणतात. येथे प्राचलाची जागा राखलेली असते, परंतु ती रिकामी असल्याचे पाचारण करणारा स्पष्टपणे सांगतो. हे समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बहुधा प्राचल म्हणून प्रत्यक्ष मूल्य न देता, ते मूल्य स्मृतीत जेथे ठेवले आहे तेथील पत्ता दिला जातो. ‘ओमिट’ म्हटले की खऱ्या पत्त्याऐवजी रिकामा पत्ता जातो. कार्यविधीने पत्ता तपासला की त्याला अनुपस्थिती कळते. गणनेत मात्र हे प्राचल धरले जाते, कारण त्याची जागा यादीत आहे.

ह्या दोन तपासण्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. एकच प्राचल दोन्ही प्रकारांनी ऐच्छिक असू शकते. अशा वेळी प्रथम गणना पाहावयाची आणि जागा यादीत आहे अशी खात्री झाल्यावरच पत्ता तपासावयाचा. ज्याची जागाच आली नाही त्याचा पत्ता विचारला, तर मागील एखाद्या पाचारणातून स्मृतीत उरलेला शिळा पत्ता हाती लागण्याचा संभव असतो. मग कार्यविधी एका ग्राहकाच्या बिलावर दुसऱ्याच ग्राहकाचा दर लावून मोकळा होईल. आज्ञावली अडखळून थांबली तर ते एकापरीने बरेच, कारण दोष उघड होतो. ती न थांबता चुकीचे उत्तर देते, तेव्हाच खरी हानी होते.

साखळीतील मधला दुवा

आतापर्यंत एकच पाचारण विचारात घेतले. कार्यविधी एकमेकांचे पाचारण करतात तेव्हा ह्या विषयातील खरी कसोटी सुरू होते. आपल्या उदाहरणात तीन कार्यविधी आहेत असे माना: पहिला बिल तयार करतो, दुसरा आकारणी करतो आणि तिसरा सूट काढतो. पहिला दुसऱ्याला बोलावतो आणि दुसरा तिसऱ्याला. सूट-दर सांगतो पहिला आणि वापरतो तिसरा. दुसऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. त्याने तो फक्त पुढे पोहोचवावयाचा.

दर सांगितलेला असेल तेव्हा काहीच अडचण नाही. तो सांगितलेला नसेल तेव्हा मधल्याने काय करावे? त्याच्या मजकुरात सूट-दराचे नाव लिहिलेले असते, म्हणून ती वस्तू अस्तित्वात आहे असा भास होतो. ते नाव तसेच पुढे दिले, तर जे आलेच नाही ते देण्याचा प्रकार होतो. हे टाळण्यासाठी एखादा सावध आज्ञावलीकार मधल्या कार्यविधीत स्वतःची एक जागा राखतो, तीत आरंभी शून्य घालतो, दर आला असेल तर तो तीत उतरवून घेतो आणि ती जागा पुढे पाठवितो. आता आज्ञावली कोठेही अडत नाही. परंतु पहिल्या टेबलावरचा कोरा रकाना दुसऱ्या टेबलावर ‘निरंक’ होऊन तिसऱ्याकडे पोहोचला. तिसऱ्याने करार पाहिलाच नाही, कारण त्याला स्पष्टपणे ‘शून्य’ सांगण्यात आले. ग्राहकाला ६०० रुपये अधिक मोजावे लागले. हिशेब जुळतो, खतावणी जुळते. फक्त करार मोडला जातो.

मधल्याने प्रामाणिक राहावयाचे ठरविले, तर ‘नोपास’ प्रकारात त्याला दोन वाटा लिहाव्या लागतात. दोन प्राचले आली असतील तर पुढेही दोनच द्यावयाची आणि तीन आली असतील तर तीन. एका ऐच्छिक प्राचलासाठी हे सोपे आहे. पाच प्राचले शेवटून क्रमाने गळणारी असतील, तर सहा वाटा लिहाव्या लागतील. तीच पाच एकमेकांवर अवलंबून न राहता हवी तशी गळू शकत असतील, तर प्रत्येकाच्या दोन अवस्था धरून दोनाचा पाचवा घात, म्हणजे ३२ वाटा होतात. दहा प्राचलांना १,०२४ वाटा होतील. एवढ्या वाटा हाताने लिहिणे आणि त्यांतील प्रत्येक तपासून पाहणे व्यवहारात अशक्यप्राय आहे.

ह्या अडचणीवर भाषेच्या रचनेतच उपाय करता येतो, हे फोर्ट्रानने दाखवून दिले. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झालेल्या फोर्ट्रान ९० ह्या आवृत्तीत प्राचल ऐच्छिक असल्याचे घोषित करता येते आणि ते उपस्थित आहे की नाही हे विचारताही येते. त्याशिवाय तीत आणखी एक नियम आहे. न आलेले ऐच्छिक प्राचल दुसऱ्या कार्यविधीच्या ऐच्छिक प्राचलाच्या जागी पुढे दिले, तर ते तेथेही अनुपस्थितच समजले जाते. मधल्या दुव्याला एकही वाट वेगळी लिहावी लागत नाही. त्याने लखोटा न फोडता पुढे द्यावयाचा. आत पत्र आहे की तो रिकामा आहे, हे शेवटचा पाहून घेईल.

व्हिज्युअल बेसिक ह्या भाषेच्या १९९० च्या दशकातील आवृत्त्यांत ह्याचीच दुसरी बाजू दिसते. तीत ‘व्हेरियंट’ ह्या सर्वसमावेशक प्रकारचे ऐच्छिक प्राचल आले नाही, तर ‘इझमिसिंग’ ह्या साधनाने ते कळते. परंतु तेच प्राचल साध्या पूर्णांकाचे असेल, तर त्याच्या जागी मुकाट्याने शून्य येते आणि ते न आलेले शून्य की सांगितलेले शून्य, हे कोणत्याही उपायाने ओळखता येत नाही. निरंक आणि कोरे ह्यांतील भेद तेथे भाषेनेच पुसून टाकलेला असतो.

गृहीत मूल्य कोणी ठरवावे?

अनुपस्थित प्राचलाच्या जागी जे मूल्य धरावयाचे त्याला गृहीत मूल्य म्हणू. ते कोठे आणि केव्हा ठरते, ह्याला व्यवहारात मोठे महत्त्व आहे.

सी++ आणि सी-शार्प ह्या भाषांत गृहीत मूल्य पाचारण करणाऱ्याच्या बाजूस, आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर होतानाच भरले जाते. त्यामुळे कार्यविधीचे गृहीत मूल्य पुढे बदलले, तरी पूर्वी रूपांतरित झालेल्या आज्ञावल्या जुनेच मूल्य पाठवीत राहतात. आपल्या देशात वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक वस्तूंवरील त्याचे दर बदलले. कराचा दर अशा गृहीत मूल्याच्या रूपाने ठेवला असेल, तर एका ठिकाणी दुरुस्ती करूनही दुसऱ्या ठिकाणाहून जुन्या दराची बिले निघत राहतील.

पायथन ह्या भाषेत वेगळा प्रकार आढळतो. तेथे गृहीत मूल्य कार्यविधीच्या व्याख्येच्या वेळी एकदाच काढून ठेवले जाते. ‘तारीख दिली नाही तर आजची’ असे कोणी व्याख्येतच लिहिले, तर ‘आज’ म्हणजे आज्ञावली सुरू झाली तो दिवस ठरतो. अनेक दिवस अखंड चालणारी आज्ञावली मग रोज तीच शिळी तारीख देते. म्हणून जाणते आज्ञावलीकार व्याख्येत केवळ अनुपस्थितीची खूण ठेवतात आणि तारीख प्रत्यक्ष कामाच्या वेळी आत काढतात.

तारखेच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. बिलाचा कार्यविधी आणि खतावणीचा कार्यविधी ह्या दोघांनाही तारीख ऐच्छिक आहे आणि दोघेही ती न मिळाल्यास स्वतः घड्याळ पाहतात, असे समजा. ३१ मार्चच्या मध्यरात्रीपूर्वी एक क्षण बिल तयार झाले आणि पुढच्याच क्षणी खतावणीत नोंद झाली. बिलावर ३१ मार्च आणि खतावणीत १ एप्रिल अशी तारीख पडेल. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. म्हणजे एकाच विक्रीचे बिल एका वर्षात आणि नोंद दुसऱ्या वर्षात गेली. दोन्ही कार्यविधी आपापल्या जागी निर्दोष आहेत. एकच निर्णय दोन ठिकाणी घेतला गेला, हा दोष रचनेचा आहे.

निष्कर्ष

ह्या विवेचनातून एक साधे तत्त्व निघते: अनुपस्थितीचा अर्थ संपूर्ण साखळीत एकदाच आणि एकाच ठिकाणी लावावा. ते ठिकाण कोणते, हे ज्ञानावर अवलंबून असते. ज्या कार्यविधीजवळ निर्णयाला लागणारी माहिती आहे, त्यानेच तो घ्यावा. ग्राहकाचा करार सूट काढणाऱ्यालाच ठाऊक आहे. म्हणून सूट-दराची अनुपस्थिती त्याच्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचली पाहिजे. तारीख मात्र संपूर्ण व्यवहाराची एकच असते. म्हणून ती साखळीच्या पहिल्या टोकाशीच ठरवावी आणि तेथून पुढे सक्तीचे प्राचल म्हणून द्यावी. पहिल्या उदाहरणात कोरा रकाना शेवटपर्यंत कोरा ठेवावयाचा आणि दुसऱ्यात तो पहिल्याच टेबलावर भरावयाचा, इतकाच फरक.

तत्त्व पाळण्याच्या रीतीही ह्यावरून सुचतात. कार्यविधीने प्रवेश करतानाच आपली ऐच्छिक प्राचले तपासावीत. मजकुरात जागोजागी तपासत बसू नये. ज्याचा निर्णय आपल्याकडे आहे त्याचे मूल्य स्वतःच्या जागेत उतरवून घ्यावे आणि पुढे तीच जागा वापरावी. ज्याचा निर्णय आपल्याकडे नाही त्याच्या जागी सोयीचे शून्य घालू नये. ऐच्छिक प्राचलांची संख्या फार वाढू लागली, तर ती सर्व एका नोंदपत्रात एकत्र बांधून ते एकच प्राचल म्हणून द्यावे आणि प्रत्येक रकान्याशेजारी ‘भरला आहे की नाही’ ही खूण ठेवावी. असे नोंदपत्र मधल्या दुव्याला न वाचता पुढे देता येते आणि वाटांची गणती कितीही प्राचले असली तरी एकच राहते.

यंत्राला सांगितलेले कळते आणि न सांगितलेले कळत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. न सांगितलेलेही त्याला कळविता येते, मात्र त्यासाठी मौनाची खूण काळजीपूर्वक जपावी लागते. ती जपण्याचे काम आज्ञावलीकाराचे आहे. त्याची हयगय झाली तर भुर्दंड पडतो तो बिल हाती घेणाऱ्या ग्राहकावर, आणि त्याला कार्यविधी कशाशी खातात हे ठाऊकही नसते.